परतीची नळी

डिझेल इंजिनाच्या नोझलवरून टाकीकडे परत जाणारी बारीक नळी म्हणजे तेलाची नासाडी, असा समज भंडारा जिल्ह्यात आमच्या कानी वारंवार येतो. धानाच्या बांधावरचा पंप असो वा गोसीखुर्द जलाशयातील मोटारबोट, ‘ती बुजवा, डिझेल वाचेल’ हा सल्ला ठरलेला. सल्ला फुकट असतो. नोझल फुकट मिळत नाही.

वस्तुस्थिती अशी की पंप गरजेहून अधिक तेल पुढे ढकलतो. जुन्या धाटणीचे नोझल साधारण २०० बार दाबाला उघडते. आजच्या कॉमन रेल इंजिनांत दाब १,००० बारच्याही पुष्कळ वर जातो. एवढ्या दाबाखाली सुईभोवतीच्या सूक्ष्म फटीतून थोडे तेल निसटतेच, आणि त्यानेच सुईला वंगण मिळते. हे निसटलेले आणि पंपाकडचे शिलकी तेल टाकीत परतते. जाताना उष्णता आणि हवेचे बुडबुडेही सोबत नेते. वाट बुजली की सुईवरच्या स्प्रिंगच्या पोकळीत तेल कोंडते, सुई उचलेनाशी होते, इंजिन अडखळते. बांधावर इंजिन थांबले तर शेतकरी घरी चालत जाईल. भर पाण्यात थांबले, तर वेग गेलेल्या बोटीला सुकाणूही वळवू शकत नाही.

बोटीला दोन टाक्या असल्यास ज्या टाकीतून तेल घेतले तिथेच ते परतावे. नाहीतर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी ओसंडते. दाब नाममात्र, म्हणून या नळीच्या जागी कसलीही प्लास्टिकची नळी खुपसली जाते. गरम तेलाने ती फुगते, चिरते. थेंब तापलेल्या धुराड्यावर पडले तर आग लागते. तळाशी साचले तर पाण्याबरोबर उपसून नदीत जातात. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आधीच उतरते आहे. त्याच पाण्यातल्या मासळीवर ढिवर कुटुंबांची चूल पेटते.

अर्नाळ्याच्या नाखवांना हे शिकवण्याचा आव आम्ही आणत नाही. इकडच्यांसाठी मिस्त्र्यांची एक साधी परीक्षा मात्र सांगतो: इंजिन मंद चालवून प्रत्येक नोझलचे परतीचे तेल सारख्या बाटल्यांत काही मिनिटे धरावे. जी बाटली इतरांहून भराभर भरते, तिचे नोझल झिजले. बदलायचे ते नोझल; नळी मोकळीच ठेवावी.