नातवावरची सक्ती

ॲब्स्ट्रॅक्ट मेथडचा धाक एकाच पिढीला असतो. मूळ क्लासमध्ये ‘कॉपी’ ॲब्स्ट्रॅक्ट ठेवली की मुलाला ती लिहावीच लागते. नातवाला बापाची आयती मिळते. नातवात दोन फील्ड जादा असली तरी कंपायलर गप्प, आणि कॉपी मागितली की हातात बापाच्या क्लासचं ऑब्जेक्ट पडतं. 2004 साली जावा 5 मध्ये ‘@ओव्हरराइड’ आलं. ते लिहिलेली मेथड तपासतं. न लिहिलेली त्याला दिसत नाही.

म्हणून मी ॲनोटेशन प्रोसेसर लिहिला. मूळ क्लासवरच्या ॲनोटेशनला ‘@इन्हेरिटेड’ लावलं, की कितव्याही पिढीचा क्लास कंपाइल होताना प्रोसेसरपुढे येतो. त्याच्या स्वतःच्या मेथड बघायच्या, वारशाच्या सोडायच्या. ‘कॉपी’ नसेल तर बिल्ड पाडायचं. असेल तर एक तपासणी-क्लास जनरेट करायचा: कॉपी त्याच क्लासची निघते का?

जावा 17 मधल्या सील्ड क्लासचे भक्त म्हणतात, वंशावळच बंद करा. ज्यांची सगळी पोरं एकाच मॉड्यूलमध्ये नांदतात त्यांनी खुशाल करावी. आमची दुसऱ्यांच्या जारमध्ये जन्मतात.

पुतणी इस्लापूरला घरी बसून कापसाच्या काटापावतीचा प्रोग्राम करते. ‘दुरुस्त पावती’ हा तिचा नातू-क्लास. त्यात कॉपी नव्हती, माझा प्रोसेसर क्लासपाथवर होता, तरी ती म्हणाली, “काका, बिल्ड झालं की!” 2024 च्या जेडीके 23 पासून नुसत्या क्लासपाथवर सापडलेला प्रोसेसर आपोआप चालत नाही, तो मागून घ्यावा लागतो. कुणाचाही कोड गुपचूप बिल्डमध्ये शिरू नये म्हणून घेतलेला हा निर्णय मला पटतो, आणि तरी तो जिव्हारी लागला. परक्याच्या स्क्रीनवर माझा मराठीतला एरर उमटावा, त्यानं माझ्यापाशी थांबावं, याची मला चटक होती. सुरक्षितता हे त्या चटकेचं सभ्य नाव होतं.

प्रोसेसर चालू केल्यावर तिनं मेथड लिहिली. तपासणी-क्लासही पास झाला. पण ओळींची यादी दोन्ही पावत्यांत एकच राहिली होती: एकीत वजन बदललं की दुसरीतही बदले. “दुरुस्ती केली तरी जुनी पावती होती तशीच राहायला पाहिजे ना, काका?” तिनं विचारलं. पाहिजे. पण गिऱ्हाइकाचं खातं मात्र दोन्हींत एकच हवं. यादी वेगळी आणि खातं तेच, हे फील्डच्या टाइपवरून प्रोसेसरला उमगत नाही. पावती कळणाऱ्यालाच कळतं. तो भेद प्रोसेसरला कसा शिकवायचा, हा नाद मला अजून सुटलेला नाही.