चोवीस तासांचा गृहपाठ

गेले तीन शनिवार मी अभ्यास करतेय. फोन उचलत नाही म्हणून रुसलेल्या समस्त मावश्या-आत्यांनी नोंद घ्यावी!

कॅलिफोर्नियात विम्याचं लायसन्स दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्यासाठी २४ तासांचं शिक्षण पुरं करावं लागतं. त्यातले ३ तास एथिक्सचे. आईला सांगितलं तर म्हणाली, "प्रामाणिकपणा तीन तासांत येतो होय गं तुमच्याकडे?"

खरं सांगायचं तर मी हे सगळं नुसतं उरकायचे. इकडे कुकरच्या शिट्ट्या, तिकडे स्क्रीन. शेवटची परीक्षा दिली की सुटले!

मग २०१४ साली आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या स्वयंपाकघराला आग लागली. माणसं सुखरूप होती, पण पॉलिसी मी दिलेली होती. घर जुनं, १९५८ सालचं. हप्ता जास्त वाटला म्हणून काकांनी विचारलं होतं, "हे कोड अपग्रेड काढलं तर चालेल का गं?" मी म्हणाले होते, "चालेल की!"

पण जुनं घर दुरुस्त करताना आजचे बांधकामाचे नियम लागू होतात. वायरिंग नवं, प्लंबिंग नवं. मूळ पॉलिसी जळालेलं पुन्हा होतं तसं करून देते. नियमांमुळे वाढणाऱ्या खर्चासाठी वेगळं कलम असतं. मी काढून टाकलं होतं, नेमकं तेच.

काकांनी वरचे पैसे पदरचे भरले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. भेटायला गेले तर काकूंनी चहा ठेवला. तो चहा कसा प्यायले ते माझं मला ठाऊक.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हा धडा मी आधीच्या एका कोर्समध्ये वाचला होता. प्रश्नाचं उत्तरही बहुधा बरोबर दिलं असेल.

तेव्हापासून तास मोजत नाही, वही घेऊन बसते. प्रत्येक धड्यापुढे एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव लिहिते आणि सोमवारी त्यांना फोन करते. निम्मे लोक वैतागतात. वैतागू देत.

असो. अजून ७ तास उरलेत. तुम्हीही आपापल्या पॉलिसीत काय काय *नाही* ते एकदा एजंटला विचारा. तो गडबडला तर समजा, त्याचाही कुकर चालू होता!