भाईचा टब

गेल्या पावसाळ्यात कुवेतहून भाईचा फोन आला. "अरे, घरात बाथटब बसवायचाय. कडेला कट्टा बांधून बसवतात तो नको, मधोमध मोकळा ठेवतात तसला." मला थट्टाच वाटली. आमचं गाव चिपळूण तालुक्यातलं. जुलैत कौलांवरून पाणी कोसळतं आणि एप्रिल सरता सरता विहिरीचा तळ दिसतो. तिथे टब?

पण भाई थट्टा करत नव्हता. २२ वर्षं तो तिकडे राहतोय. एका खोलीत सहा जण, सगळ्यांत मिळून एक बाथरूम, आणि सकाळी ड्यूटीची घाई. अंगाला साबण लावला की दार वाजतं. "एकदा तरी," तो म्हणाला, "कोणी दार न वाजवता पाण्यात पडून राहायचंय." यावर मी काय बोलणार?

टब बघायला कोल्हापूरला गेलो. दुकानदार दिसणं सांगत होता, मी वजन विचारत होतो. बिडाचा टब रिकामाच १०० किलोच्या वर. अ‍ॅक्रिलिकचा त्याच्या निम्म्याहून कमी, म्हणून तो घेतला, साडेपाच फुटी. घेण्याआधी चपला काढून आत झोपून पाहिलं. दोन गिऱ्हाइकं हसली. हसू देत. पाठ नीट टेकते की नाही, ते फोटोत कळत नाही.

वरच्या मजल्यावर बसवायचा बेत इंजिनियरने मोडला. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, शिवाय टब आणि भाई. सव्वातीनशे किलोंचा भार दीड चौरस मीटरहून कमी जागेत. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वरचा भार धरून काढतात. तेव्हा जमिनीवरच ठेवा, तो म्हणाला. जमिनीवर म्हणजे मागच्या न्हाणीत. आणि न्हाणी अम्मीची. तिथे तिचा तांब्याचा बंब, तिचं घंगाळ. अब्बांना शेवटचं ग़ुस्लही तिथेच दिलं होतं. तेव्हा भाई येऊ शकला नव्हता.

"किती पाणी लागतं त्याला?" अम्मीने जानमाज गुंडाळत विचारलं. मी २०० लिटर म्हटलं. रसूलुल्लाह (स.) साधारण तीन लिटर पाण्यात ग़ुस्ल करत, हे तिनेच आम्हांला लहानपणी शिकवलेलं. ती बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. त्यात आम्ही शाफई. दोन कुल्ल्यांहून कमी साचलेल्या पाण्यात उतरून ग़ुस्ल करायचं म्हटलं की मसले निघतात, आणि दोन कुल्ले ढोबळमानाने २०० लिटरच्या आसपास. टब नेमका काठावर! शेवटी ठरलं, टबात नुसतं पडायचं, ग़ुस्ल बाजूला बसून तांब्यानेच. अम्मीची अट एकच: टबाचं पाणी गटारात नाही, माडाच्या आळ्यात गेलं पाहिजे.

या अटीने प्लंबरला दोन दिवस जास्त लागले. असल्या टबाचा निचरा त्याच्या पोटाखाली असतो. एकदा टब बसला की तिथे हात पोचत नाही. म्हणून आधी पुठ्ठ्यावर टबाचा तळ कापून जमिनीवर ठेवला, भोकाची जागा आखली, मग फरशी फोडली. पक्का करण्याआधी टब रात्रभर भरून ठेवायला मी हट्टाने लावलं. सकाळी खाली ओल होती. जोडातला रबराचा वायसर तिरका बसला होता. फरशी बुजवल्यावर हे कळलं असतं तर सगळं पुन्हा उखडावं लागलं असतं. २५ लिटरचा गिझर टबाला पुरेना, म्हणून बंबही राहिला. घंगाळ मात्र अम्मीने स्वतः उचलून माळ्यावर ठेवायला दिलं.

भाई मे महिन्यात आला, विहीर तळाला असताना. पहिल्या रात्री टब अर्धाच भरला. सात बादल्या, अम्मीने मोजल्या. भाई आत गेला, कडी लावली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास होत आला. आतून आवाज नाही. अम्मी दोनदा दारापर्यंत गेली आणि दार न वाजवता परत आली.