रिकामी कांडी

हरणारा संघ सुधारण्याचा सर्वांत सोपा उपाय कोणता, असे कोणत्याही विद्यार्थ्यास विचारले, तर तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल की, जे गडी खेळत नाहीत त्यांस काढावे आणि जे खेळतील त्यांस घ्यावे. हे उत्तर चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही तेच उत्तर दिले होते. आणि ते नुसत्या तोंडाने नव्हे, तर फळ्यावर अकरा नावे लिहून दिले होते. त्या वेळी फळ्यावरून जे एक नाव आम्ही पुसले, त्याची ही हकीकत आहे. आमच्या बालवाचकांस ती खेळाच्या दृष्टीने व त्यांच्या पालकांस अन्य दृष्टीनेही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

त्या वर्षी खेळाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेल्यामुळे शाळेच्या क्रिकेट-संघाची देखरेख आमच्याकडे आली. आम्ही स्वतः खेळाडू नव्हे; मराठी शिकवणे हा आमचा व्यवसाय. तथापि अंगावर आलेले काम नाकारू नये, या बुद्धीने आम्ही ते स्वीकारले. पहिले तीन सामने आम्ही ओळीने हरलो. तिसऱ्या सामन्यात आमच्या यष्टिरक्षकाने तीन झेल सोडले. एक चेंडू तर त्याच्या दोन्ही हातांमधून पार निघून गेला, आणि तो गेला हे त्याच्या ध्यानी येण्यासही विलंब लागला. बघ्यांत हशा पिकला. सोमवारी आम्ही चार नावे बदलली. त्यांत त्याचे नाव पहिले होते. नववीतला तो मुलगा एक शब्द बोलला नाही. मधल्या सुट्टीत हातमोजे पुसून स्वच्छ करून त्याने आमच्या टेबलावर आणून ठेवले, "येतो, सर," एवढेच म्हणाला आणि गेला.

चौथा सामना आम्ही जिंकला. नव्या यष्टिरक्षकाने दोन उत्तम झेल घेतले. आमचा निर्णय योग्य ठरला, याचा आम्हांस किंचित गर्व झाला, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्यास इतिहासाचा आधारही दिला. १९७१ च्या आरंभी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी भारताचा संघ निवडावयाचा होता. तोपर्यंत त्या देशाविरुद्ध भारताने एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत टाकून मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी मुंबईच्या अजित वाडेकरांस कर्णधार केले. पतौडींसारख्या नामांकित पुरुषास दूर करणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हती. परंतु परिणाम काय झाला? पोर्ट ऑफ स्पेनचा सामना भारताने सात गडी राखून जिंकला, मालिकाही जिंकली. एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरने पहिल्याच दौऱ्यात चार सामन्यांत ७७४ धावा काढल्या. त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी ओव्हलच्या मैदानावर इंग्लंडचाही पराभव झाला. "पाहा," आम्ही मुलांस म्हणालो, "योग्य वेळी माणूस बदलण्याचे धैर्य असले म्हणजे असे घडते." मागच्या बाकावर तो मुलगा बसला होता. तो आमच्याकडे पाहत नव्हता.

नाताळपूर्वीच्या एका सायंकाळी काही कामानिमित्त आम्ही यंत्रमागांच्या एका गल्लीतून चाललो होतो. भिवंडीत अशा गल्ल्यांतून चालताना शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. मागांची खटखट सर्वत्र भरून राहिलेली असते. एका उघड्या दारातून आम्हांस तो दिसला. आईशेजारी बसून तो कांड्या भरीत होता. आम्हांस पाहताच तो चटकन उठून उभा राहिला. त्याची आई बाहेर आली व पदर सावरून म्हणाली, "सर, याचे वडील दसऱ्यापासून अंथरुणाला खिळले आहेत. हा रात्री बारापर्यंत माझ्याबरोबर बसतो. पहाटे तुमच्या सरावाला कधी चुकला नाही, तेवढे मात्र मी पाहिले." त्या माउलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट मुलगा सरावास चुकला नाही, याची ती आम्हांस ग्वाही देत होती. मुलास संघातून काढले आहे, हे त्याने घरी सांगितलेच नव्हते. तो पहाटे तसाच उठे, मैदानावर येई आणि कुंपणापाशी उभा राहून दुसऱ्यांचे चेंडू आणून देई. आम्ही त्यास रोज पाहत होतो. तो तेथे का येतो, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते.

घरी येताना आमच्या मनास फार लागून राहिले. बायबलच्या तासास आम्ही दरसाल अंजिराच्या झाडाचा दाखला शिकवीत आलो. त्यातील माळी निष्फळ झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो व मुळाशी खणून खत घालण्याचे कबूल करतो. आम्ही मात्र त्या मुलास एक प्रश्न विचारण्याइतकाही अवधी दिला नव्हता.

त्या रात्री १९७१ ची हकीकत आम्ही पुन्हा मनात उजळली, आणि वर्गात आपण तिचा अर्धाच भाग सांगितला, हे आमच्या ध्यानी आले. त्या विजयात नव्या गड्यांचा वाटा होता, तसाच टाकून दिलेल्या गड्यांचाही होता. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंची कारकीर्द संपली, असे अनेकांस वाटत होते. वाडेकरांच्या आग्रहामुळे त्यांस संघात जागा मिळाली. किंग्स्टन येथे पाच गडी ७५ धावांत बाद झाले असता याच सरदेसाईंनी २१२ धावा काढून डाव सावरला व त्या मालिकेत एकंदर ६४२ धावा केल्या. पोर्ट ऑफ स्पेनला लॉइड व सोबर्स यांस बाद करणारे सलीम दुराणी हेही कित्येक वर्षे संघाबाहेर होते. ओव्हलवर ३८ धावांत सहा गडी टिपणाऱ्या चंद्रशेखरांस तर वेस्ट इंडीजला नेलेही नव्हते. आणि ज्यांस दूर केले ते पतौडी? १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा ते वाडेकरांच्याच नेतृत्वाखाली साधे फलंदाज म्हणून खेळले, आणि मद्रासच्या विजयात त्यांनी ७३ धावांची भर घातली. पुढे १९७४ साली लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला, वाडेकरांची कारकीर्द संपली, व कर्णधारपद पुन्हा पतौडींकडे आले. चक्र असे फिरते. आज ज्याचे नाव फळ्यावर लिहिले जाते, त्याचे उद्या पुसले जाते. म्हणून पुसणाऱ्याने हात जपून चालवावा.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. तेथील न्यूयॉर्क यांकीज हा बलाढ्य संघ १९२५ साली घसरत चालला असता व्यवस्थापकाने काही जुने गडी बसवून नवे घेतले. वॉली पिप याच्या जागी लू गेहरिग नावाचा तरुण आला. त्या वर्षी तो संघ आठांत सातवा राहिला, परंतु दोनच वर्षांनी जगज्जेता झाला. गेहरिग त्या जागेवर असा स्थिरावला की, ओळीने २,१३० सामने तो खेळला. १९३९ च्या आरंभी मात्र त्याचे हात चालेनासे झाले. २ मे रोजी त्याने आपण होऊन व्यवस्थापकास सांगितले की, आज मला बसवा. थोड्याच आठवड्यांत निदान झाले की, त्यास मज्जातंतूंचा असाध्य रोग जडला आहे. म्हणजे मैदानावर दिसत होते ते अपयश, आणि त्याच्या मुळाशी होते ते दुखणे. आमच्या यष्टिरक्षकाच्या मुळाशी रोग नव्हता. अपुरी झोप होती. प्रेक्षकांस दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. शिक्षकास त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलास बोलावले, आणि चूक आमची झाली असे त्यास स्पष्ट सांगितले. तुझी जागा तुला परत देतो, असेही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नको, सर. यष्टीमागे आता तोच राहू द्या. त्याने काही चूक केलेली नाही, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा बरा आहे. मला दुसरीकडे कुठे जागा असली तर सांगा." आम्हांस जे समजण्यास एवढा काळ लागला, ते या मुलास आधीच ठाऊक होते: एकाचा अन्याय दुसऱ्यावर अन्याय करून फिटत नाही.

आम्ही सराव पहाटेऐवजी शनिवारी दुपारी ठेवला. नव्या वर्षी, वडील हिंडूफिरू लागल्यावर, तो सहाव्या क्रमांकाचा फलंदाज म्हणून संघात आला. पुढे त्याने फार मोठे पराक्रम केले असे नाही. एका अटीतटीच्या सामन्यात शेवटपर्यंत नाबाद राहून त्याने बावीस धावा काढल्या, व तो सामना आम्ही जिंकला. हातमोजे घालून पलीकडे उभा असलेला त्याचा जोडीदार सर्वांआधी धावत मैदानात गेला.

भिवंडीच्या मुलांस कांडी म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आडव्या धाग्याचे सूत ज्या लहानशा नळीवर गुंडाळतात, ती कांडी. ती धोट्यात बसते, धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो, आणि सूत संपले म्हणजे कामगार रिकामी कांडी काढून भरलेली बसवतो. हा बदल टाळून चालत नाही. दया म्हणून रिकामीच कांडी धोट्यात राहू दिली, तर कापड विणले जाणार नाही. परंतु काढलेली कांडी कोणी उकिरड्यावर फेकीत नाही. ती टोपलीत जाते, तिच्यावर पुन्हा सूत चढते, आणि ती पुन्हा मागावर येते.

आमच्या त्या विद्यार्थ्याने अशा किती कांड्या रात्री जागून भरल्या असतील, याची मोजदाद आम्ही करू शकत नाही. पालकांस मात्र एक विनंती आहे. घरावर असा प्रसंग आला तर तो आम्हांस निःसंकोचपणे कळवावा. आणि आम्ही विचारावयास विसरलो, तर आम्हांस विचारावयास लावावे.