पंचविशीत अडून बसलेली

‘कोसला’ घरात टिकत नाही. ‘ययाति’ कपाटात टिकते, ‘मृत्युंजय’ तर खाकी कव्हर घालून दोन-दोन पिढ्या टिकते. ही मात्र विकत आणली की वर्षाच्या आत कुणाबरोबर तरी निघून जाते. नेणारा ‘परवा आणून देतो’ म्हणतो आणि देणाऱ्यालाही तो परवा उजाडणार नाही हे ठाऊक असतं. मग दुसरी प्रत येते. कित्येक घरांत आज जी प्रत आहे तिच्या पहिल्या पानावर भलत्याच माणसाचं नाव, भलत्याच गावाचं नाव आणि जुनी तारीख असते. त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही, कारण प्रत्येकाची मूळ प्रत तिसऱ्याच कुणाकडे असते.

जन्म १९६३चा, पुण्याच्या देशमुख आणि कंपनीकडचा. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकरही तेवढ्याच वयाचा. पुढे लेखक वयाने वाढले. चांगदेव हा दुसरा नायक आला, २०१०मध्ये ‘हिंदू’ आली, ज्ञानपीठ आलं. ही बया पंचविशीतून हलायला तयार नाही. साठी उलटली तरी होस्टेलच्या खाटेवर भिंतीला टेकून, चुरगळल्या कपड्यांत, आंघोळीची टाळाटाळ करत बसलेली.

तिची गाठ वडीलधाऱ्यांकरवी पडत नाही. वक्तृत्वाच्या बक्षिसात ती मिळत नाही, मुंजीत कुणी देत नाही. ती रूम पार्टनरकडून येते, तेही परीक्षेच्या तोंडावर. खानदेशातून, मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या पोराला ती पहिल्या रात्री जे देते ते दुसरं पुस्तक सहसा देत नाही. आपल्याला इथे बोलता येत नाही, मेसचा कारभार अंगावर घेतला तर तो अंगाशी येतो, गॅदरिंगमध्ये आपण पुढारपण करतो आणि लोक हसतात, घरून आलेले पैसे कुठे जातात कळत नाही, या सगळ्याची लाज त्याला एकट्यालाच वाटत असते. आणि इथे एकजण तीच फजिती पानोपानी, जराही सुटका न मागता सांगत असतो. पोरगं हसायला लागतं. पुण्यात आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच स्वतःला हसतं.

तिच्या बोलण्याचा संसर्ग मात्र गालगुंडासारखा. एखादा मोठा विचार मांडायचा आणि शेवटी ‘वगैरे’ लावून त्याची हवा काढायची, कुणालाही ‘थोर’ म्हणून जागच्या जागी बसवायचं, ‘उदाहरणार्थ’ म्हणून उदाहरणच द्यायचं नाही. वाचणारा पुढचे दोन महिने असाच बोलतो, पत्रं असलीच लिहितो, आईशीसुद्धा असाच वागतो. बहुतेकांचा ताप उतरतो. ज्यांचा उतरत नाही ते कादंबरी लिहायला बसतात. एकटा, कंटाळलेला, बापावर चिडलेला, जगाला तुच्छ मानणारा नायक घेऊन मराठीत किती पहिल्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या असतील याचा हिशेब नको. त्यांत लकबी सगळ्या होत्या, पण पांडुरंग स्वतःला जेवढा निर्दयपणे पाहतो तेवढं पाहायची तयारी नव्हती.

तिचे खरे वारस तिच्यासारखे दिसत नाहीत. राजन गवसांची ‘तणकट’ घ्या, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ घ्या, प्रवीण बांदेकरांची ‘चाळेगत’ घ्या. यांतलं कुणी होस्टेलच्या खाटेवर लोळत नाही. पण ‘कोसला’च्या आधी साधारण रिवाज असा होता की गावची बोली अवतरणचिन्हांत राहायची आणि निवेदक बाहेर शुद्ध, इस्त्रीची मराठी बोलत उभा असायचा. हिने निवेदकाचीच इस्त्री मोडली. बोलल्यासारखी वाक्यं, तुटक, घसरत जाणारी, मध्येच डायरी, मध्येच गावच्या पारावरच्या गप्पा, आणि कथानकाची शिस्त पाळायची नाही म्हणजे नाही. आपल्या गावची माती न झटकता थेट कागदावर यायला हरकत नाही, हे नंतरच्या लेखकांना तिच्यामुळे सोपं गेलं असं माझं मत. त्या वाटेवर ती एकटी नव्हती हेही खरं, पण सगळ्यांत जास्त धूळ तिनेच उडवली.

लोक तिला सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ची मराठी बहीण म्हणतात. असेल. शहराला आणि मोठ्यांच्या खोटेपणाला विटलेला पोरगा दोन्हीकडे आहे. पण पांडुरंगाच्या पाठीमागे सांगवी आहे, शेतीवाडी आहे, एकत्र घर आहे, आणि शेवटी परत जाऊन बसायला तेच गाव आहे. ते ओझं न्यूयॉर्कच्या पोराकडे नाही.

सतत टवाळी करणारी ही बाई एका ठिकाणी गप्प होते. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीने जाते. ती पानं लोक पुन्हा वाचायला घाबरतात. प्रत उघडताना नकळत तेवढा भाग ओलांडून पुढे जाणारे वाचक मला माहीत आहेत. इथे ‘थोर’, ‘वगैरे’ काही कामाचं उरत नाही. दुःखाचं तत्त्वज्ञान होत नाही, सांत्वनही होत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांची पानं मी मनीच्या पानांपासून वेगळी वाचू शकत नाही.

एक तक्रार मात्र आहे आणि ती मुलींनी केली तर चुकीची नाही. मनी सोडली, घरातल्या बायका सोडल्या, तर या पुस्तकात बाईला फारशी जागा नाही. मुली दिसल्या की पांडुरंग एक तर बिचकतो किंवा बघ्याची भूमिका घेतो. ‘आमची कोसला कुठंय?’ असा प्रश्न एखादी विद्यार्थिनी विचारते तेव्हा तिला नेमाड्यांचा देशीवाद समजावून उत्तर होत नाही.

आणि तिची सगळ्यांत मोठी फजिती विद्यापीठात झाली. पुढच्या काळातले इतिहाससंशोधक आपल्या काळाबद्दल काय काय निष्कर्ष काढतील, याची पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश बापट यथेच्छ टर उडवतात. तीच कादंबरी आता एम.ए.ला नेमली जाते. तिच्यावर प्रबंध होतात, ‘कोसलाबद्दल’ नावाचं लेखांचं अख्खं पुस्तक निघतं, ‘अस्तित्ववादी जाणिवा’ या विषयावर दहा गुणांचा प्रश्न येतो. विद्यार्थी गाइड वाचून उत्तर लिहितात. पांडुरंगही परीक्षेच्या बाबतीत काही दिवे लावत नाही, तेवढं एक बरं.

चाळिशीनंतर ती पुन्हा हाती घेणारे वेगळीच कुरकुर करतात. विसाव्या वर्षी बाप म्हणजे नुसता अडसर वाटलेला असतो. आता तेच लोक पैसे पाठवणाऱ्या त्या बापाच्या बाजूने वाचायला लागतात. पोरगा तिकडे नक्की करतो काय, मेसचा तोटा आपण का भरायचा, शेतात बघायला माणूस नाही, असे प्रश्न त्यांना पडतात. पांडुरंगाला दोन दणके द्यावेत असं वाटतं. मग घरात कॉलेजला निघालेलं पोरगं ती प्रत मागतं. बाप म्हणतो, परीक्षा होऊ दे, मग देतो. पोराने ती मित्राकडून आधीच आणलेली असते.