मेजावरची चूल

अन्न शिजते ते स्वयंपाकघरात आणि जेवले जाते ते बाहेरच्या खोलीत, ही आपली पूर्वापार विभागणी. रांधणारी आत, जेवणारे बाहेर. उपाहारगृहातही आचारी सहसा दृष्टीस पडत नाही. कोरियन लोकांनी मात्र मांस भाजण्याची चूल थेट जेवणाच्या मेजावर आणून ठेवली आहे.

माझा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त सोलच्या दक्षिणेस असलेल्या सुवोन शहरात राहतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे जाण्याचा योग आला. राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ या काळात बांधविलेल्या ह्वासोंग किल्ल्यामुळे हे शहर ख्यातनाम आहे. खवय्यांना ते ठाऊक आहे ते 'गाल्बी'मुळे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्यांमुळे. आम्ही मात्र डुकराचे 'साम्ग्योप्साल' मागविले. साम म्हणजे तीन, ग्योप म्हणजे थर आणि साल म्हणजे मांस. वसईच्या घरात हे मांस नवे नाही. नवे वाटले ते हे की, त्याला मसाल्याचा स्पर्शही नव्हता!

मेजाच्या मध्यभागी खळगा, त्यात धगधगते निखारे, वर जाळी आणि धूर ओढून घेण्यासाठी छतातून सोंडेसारखी खाली उतरलेली नळी. भोवती लहान लहान वाट्यांत किम्ची, मोड आलेले सोयाबीन, मुळ्याचे लोणचे. या वाट्या रिकाम्या झाल्या की पुन्हा भरून मिळतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात चक्क कात्री घेऊन मुलगा मांसाच्या पट्ट्या कापू लागला. कात्रीची जागा शिवणाच्या पेटीत, अशी माझी आजवरची समजूत! भाजलेला तुकडा सालाडच्या पानावर ठेवायचा, त्यावर सोयाबीन आणि मिरचीचे आंबविलेले वाटण, लसणाची एखादी चकती. मग विड्यासारखी पुरचुंडी करून ती एकाच घासात तोंडात घालायची.

वडीलधाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय तेथे इतर कोणी जेवणास हात लावीत नाही, आणि चिमटा बहुधा वयाने लहान असलेल्याच्या हाती जातो. मुलगा भाजत होता, माझ्या पुढ्यात ठेवीत होता. त्याच्या स्वतःच्या ताटलीत काहीच नव्हते. चूल बाहेर आली खरी, पण रांधणाऱ्याने मागाहून जेवावे हा नियम काही तिने सोडलेला दिसला नाही. चाळीस वर्षे मी तेच करीत आले आहे. मी चिमटा मागितला. त्याने दिला नाही.

"इथे नेहमी येतोस का रे?" मी विचारले.

"नाही आई. निदान दोन माणसांचं मागवावं लागतं. एकट्याला कोण घेणार?"

कोरियात आता तृतीयांशाहून अधिक घरे एकेकट्या माणसांची आहेत. अशांसाठी छोट्या शेगड्यांची दुकाने निघाली आहेत, असे त्याने सांगितले. एकदा तोही गेला होता. "भिंतीकडे तोंड करून भाजायचं आणि आपणच खायचं," एवढेच तो म्हणाला आणि पट्टी उलटवू लागला.

माझे पोट केव्हाच भरले होते. तरीही आणखी दोघांपुरते मागव, असे मी त्याला सांगितले. वाढणाऱ्या बाईने करपलेली जाळी उचलून नवी ठेवली. तो कात्री चालवीत असतानाच मी एक पान घेतले, पुरचुंडी बांधली आणि त्याच्या तोंडापुढे धरली. बत्तीस वर्षांच्या माझ्या मुलाने आजूबाजूला एकदा पाहिले आणि तोंड उघडले.