उक्कापात

साताऱ्याकडील आमच्या वस्तीत तारा निखळताना दिसला की आजी पदर डोळ्यांवर ओढून घेई. कुणाचा तरी जीव गेला, असे ती म्हणे. पुढे इतिहासाच्या अभ्यासात वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ हाती आली, तेव्हा या भीतीची थोर नातेवाईक मंडळी भेटली. स्वर्गातील पुण्यफळ भोगून खाली पडणाऱ्यांची रूपे म्हणजे उल्का, असे तेथे सांगितले आहे. त्या स्वर्गात आमच्या आजीला कोणी उभे केले असते, हा प्रश्न वेगळाच. त्याहून कितीतरी शतके जुन्या ब्रह्मजाल सुत्तात मात्र ‘उक्कापाता’ची भाकिते करून पोट भरणे ही हीन विद्या ठरवली आहे.

रोज वंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणणाऱ्या मुलांना प्रत्यक्ष दाखवावे, म्हणून १४ डिसेंबर २०२३ च्या रात्री आम्ही त्यांना शाळेमागच्या माळावर नेले. अमावास्या नुकतीच सरली होती. ऑगस्टमधला ययातीचा उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांतच जातो. डिसेंबरचा मिथुनेचा मात्र सांगलीच्या या कोरड्या पूर्व भागात छान दिसतो. दुष्काळाने दिलेली एवढीच देणगी. फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे सोडलेले कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून बरेच उंच जळून जातात. त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर पुनर्वसूजवळ मिळतात. बॅटऱ्या विझवून २० मिनिटे डोळे अंधाराला सरावू दिले. दिसलेल्या प्रत्येक उल्केमागे एक खडा ताटलीत टाकायचा, असे ठरले.

सातवीतील एक मुलगी चादरीत तोंड खुपसून पडली होती. आदल्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात तिचे वडील गेले होते. लघुग्रहाची सारी माहिती आमच्या जिभेवर होती. ती तिला सांगवेना. ताटली तेवढी तिच्या हाती दिली. खडे टाकायचे तर वर पाहणे आले.

पहाटे दोनपर्यंत ५७ खडे झाले.

“सर, पुढच्या वर्षी पडतील?”

“याच सुमारास पडतील. पण पौर्णिमा जवळ असेल, त्यामुळे कमी दिसतील.”

“आत्ताच कसं ठाऊक?”

बॅटरी लावून आम्ही वाळूवर सूर्य काढला, पृथ्वीची वाट काढली, तिला छेदणारी फेथॉनची वाट काढली. चंद्र कुठे काढायचा, ते तिने विचारले आणि ताटलीतला एक खडा उचलून तेथे ठेवला.